कावळा हाकला, मग बोलते

दुपारी अडीचच्या सुमारास साळूबाई पलंगावर उठून बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "पंखा बंद कर."

एप्रिल महिना. साताऱ्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेची भिंत हाताला पोळायची. तरी संयोगिता उठून पंखा बंद करायची. पात्यांची घरघर पुरती थांबेपर्यंत साळूबाई कान देऊन बसायच्या. मग दुसरं वाक्य यायचं, तेही रोजचंच.

"कावळा हाकला, मग बोलते."

संयोगिता गॅलरीत जायची. कावळा असो नसो, हात वर करून "हाट्" म्हणायची आणि परत येऊन दाराशी उभी राहायची. साळूबाई हनुवटी जरा उचलायच्या. सत्त्याण्णव वर्षांच्या त्या सुरकुतलेल्या तोंडावर कुठून तरी चौदा वर्षांची एक पोर येऊन बसायची, आणि त्या बोलायच्या:

"आपली आज्ञा असेल तर मी निघते, महाराज. पण माझ्यामागे ह्या दाराशी दिवा कोण लावणार, तेवढं सांगावं."

जन्मभर हाय-न्हाई करणारी बाई. पाण्याला पानी म्हणणारी. पण ह्या वाक्यातला प्रत्येक 'ण' जिथल्या तिथं असायचा, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा.

एवढं बोलून त्या थांबायच्या. समोर बघत, पापणी न हलवता.

"मी लावीन, आई," संयोगिता म्हणायची.

साळूबाईंचा चेहरा पडायचा. "न्हवं," त्या म्हणायच्या. "पुन्ना." आणि पदर परत सारखा करायच्या.

असं पाच वेळा व्हायचं, सात वेळा व्हायचं. एका दुपारी चौदा वेळा झालं. शेवटी दमून त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि दिवेलागणीपर्यंत डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी गळत राहायचं. हुंदका नाही, कण्हणं नाही. नुसतं पाणी. संयोगिता ते पदरानं टिपत बसायची. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली बाई. कुणी काही विचारलं की कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. आईच्या ह्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्यापाशी नव्हतं.

पूर आला नसता तर हे कदाचित झालंही नसतं. नवरा गेल्यापासून साळूबाई सांगलीत, घाटाजवळच्या आपल्या माहेरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गेल्या जुलैत कृष्णा जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत आली, तेव्हा जवानांनी त्यांना खिडकीतून होडीत घेतलं. रहिमतपूरजवळच्या गावाहून मुलगा, आप्पासो, जीप घेऊन आला आणि त्यानं आईला बहिणीकडे साताऱ्यात आणून सोडलं. नव्या खोलीत साळूबाईंनी हे घर कुणाचं, असं विचारलं नाही. छतातल्या चौकोनी पांढऱ्या दिव्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "लाइट झाली व्हय?"

तिथून त्या मागं मागं जात राहिल्या. आधी नातवंडं पुसली गेली, मग सासर, मग नवरा. दिवाळीपर्यंत उरली ती सांगलीच्या मिरज रस्त्यावरची एक पत्र्याची शेड, आणि तिच्यात उभी असलेली एक मुलगी.

त्या मुलीबद्दल, आईच्या ह्या महिन्यांतल्या तुटक बोलण्यातून, संयोगिताला कळलं होतं ते असं. साळूचा बाप संस्थानच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. पोरगी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, तो आवाज 'कृष्णाकाठ सिनेटोन'च्या मालकांच्या कानी पडला. बोलपट नवे होते. मुक्या चित्रांतल्या देखण्या बायका तोंड उघडताच लोक हसायला लागले होते, आणि कंपन्या आवाजाच्या शोधात गावोगाव फिरत होत्या. साळूचा आवाज होता, भाषा नव्हती. एका मास्तरांनी चार महिने तिच्या जिभेखाली चिंचोका ठेवून तिच्याकडून 'ण' घोटून घेतला. तिचं नाव बदलून कुमारी अरुणप्रभा केलं. माइक फुलदाणीत लपवलेला असायचा. राजाशी बोलायचं ते झेंडूच्या फुलांशेजारी उभं राहून. जे बोलाल तेच रिळावर, मागून दुरुस्त करायची सोय नाही. म्हणून पंखे बंद. म्हणून घामानं रंग ओघळायचा. आणि शेडच्या पत्र्यावर कावळे बसायचे, त्यांच्यासाठी कंपनीनं पगारी माणूस ठेवला होता, गोफण घेऊन उभा राहणारा.

हे ऐकून रंगुबाई पोट धरून हसली होती. रंगुबाई म्हणजे दहिवडीकडची, साळूबाईंचं सगळं करायला ठेवलेली बाई. "कावळं हाकलायचा पगार?" ती म्हणाली. "आवं ताई, आमच्याकडं बाया जन्मभर जोंधळ्यातली पाखरं हाकलत्यात. आमाला कुनी कवा शिनेमात न्हेलं न्हाई."

तीन चित्रपट केले अरुणप्रभानं, पाच वर्षांत. पहिला 'द्वारदीप', त्यात ती राजानं टाकलेली राणी होती. पुण्यापर्यंत गाजला म्हणतात. मग लढाई आली, कोरी फिल्म मिळेना, कंपनी बसली आणि शेडचे पत्रे उतरवले गेले. एकोणिसाव्या वर्षी साळूचं लग्न झालं. उसाची जमीन, घरात तिघं पलटणीत, नावाजलेलं घर. सासूनं एकच अट घातली: ते नाव ह्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. साळूबाईंनी ती अट अशी पाळली की पोटच्या पोरांनाही कळलं नाही. संयोगिता बारा वर्षांची असताना ट्रंकेच्या तळाशी, खणात गुंडाळलेलं 'द्वारदीप'चं गाण्यांचं पुस्तक तिला सापडलं. मुखपृष्ठावर आईचे डोळे होते. तिनं विचारलं तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती म्या न्हवं. ती लय शुद्ध बोलायची."

त्या वेळची रिळं आपोआप पेट घ्यायची. उरलेली बांगडीवाल्यांनी वितळवली म्हणतात. संयोगितानं ह्या वर्षात दोन संग्रहालयांना पत्रं लिहिली. तिन्ही चित्रपटांपैकी एकाचीही प्रत नाही, असं दोन्हीकडून नम्रपणे कळवलं गेलं. हातात राहिलं ते सोळा पानांचं पुस्तक. त्यात गाणी होती आणि थोडक्यात कथा होती, आणि कथा बरोबर तिथंच थांबत होती. राजा राणीला निघून जायला सांगतो. ती दाराशी वळते, विचारते. 'महाराज काय उत्तर देतात? तो दिवा कोण लावतो? हे रसिकांनी पडद्यावरच पाहावे.'

संयोगितानं ते पान किती वेळा वाचलं असेल. मग ती स्वतःच उत्तरं करायला बसली. जुनी नाटकं काढली, त्या काळाची भाषा कानात घोळवली. 'तो दिवा विझलेलाच बरा.' 'दासी लावतील.' 'आमच्या दाराला दिव्याची गरज उरली नाही.' रोज दुपारी एक-एक म्हणून बघायची. "न्हवं. पुन्ना." रंगुबाईनं एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळून राजा व्हायचं ठरवलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तूच लाव की गं बये, जातीस कुठं उन्हाची?" संयोगिताला कितीतरी दिवसांनी हसू आलं. साळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

आप्पासो फोनवर म्हणायचा, डॉक्टरला विचारून गोळी वाढव, झोपून तरी राहील. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीवर एक हुकूम सुचायचा. अरुणप्रभा हे नाव त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं. 'ते पिक्चरचं' म्हणायचा.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, नट-नट्या, छाया, ध्वनी ह्या सगळ्यांच्या खाली, बारीक टायपात एक ओळ होती: साहाय्य – गुंडा. आडनाव नाही. आईच्या बोलण्यात गुंडामामा म्हणून कावळे हाकलणारा यायचा, तोच हा. सांगलीत चार जणांना विचारत विचारत संयोगितानं त्याच्या मुलाचा पत्ता मिळवला, आणि एका सकाळी रंगुबाईवर घर टाकून ती एसटीनं सांगलीला गेली.

नानासो पंच्याऐंशीचे होते. हळदीच्या पेठेत नातवाचं दुकान होतं, तिथं दाराशी खुर्ची टाकून बसलेले. धोतरापासून मिशीपर्यंत सगळं पिवळं.

"अरुणप्रभाची लेक तुमी?" ते म्हणाले.  ते नाव एवढ्या साधेपणानं उच्चारलेलं संयोगितानं पहिल्यांदाच ऐकलं. "बसा. माझा बाप तिचं नाव घेतल्याबिगर जेवायचा न्हाई. शाळंत मास्तरनं इचारलं, वडील काय करत्यात? म्या सांगितलं, कावळं हाकलत्यात. लय मार खाल्ला बगा त्या उत्तरापायी."

तिनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढं धरलं. आई रोज काय म्हणते ते सांगितलं, आणि विचारलं, पुढं राजा काय म्हणतो?

नानासोंनी चष्मा लावला, काढला. "राजा काय म्हनतो ते न्हाई ठावं. बाप सांगायचा, राजा तितं न्हवताच."

"म्हणजे?"

"ती बोलायची त्या दिशी राजाचं काम न्हवतं. समोर काठी उभी करायची, वर फेटा बांधायचा. तिनं फेट्याकडं बगून बोलायचं. राजाचं उत्तर दुसऱ्या दिशी, त्येचं त्यो बोलनार. मागनं जोडायचं."

"मग ती थांबते कशासाठी? ती वाट बघते काका. कुणी तरी काही तरी म्हणावं म्हणून."

"म्हनावं म्हनून न्हवं," नानासो म्हणाले. "घंटीसाटनं. आवाजवाला सायेब भाईर गाडीत बसायचा, कानाला यंत्र लावून. त्येला वरडता यायचं न्हाई, वरडला तर त्येचंच वरडनं रिळात. मग त्यो घंटी द्यायचा. एक घंटी म्हंजी झालं, जमलं, सुटलीस. दोन म्हंजी पुन्ना. घंटी यीस्तवर कुनी हलायचं न्हाई, शिंकायचं न्हाई. मधीच कुनी बोललं की वाया. परत पयल्यापासनं."

ते आणखी बरंच सांगत होते. त्या एका वाक्याला सतरा खेपा लागल्या होत्या, कावळ्यांनी उच्छाद मांडला होता, मालकानं गुंडाच्या थोबाडीत मारली. तर ही एवढीशी पोर फुलदाणीपाशी उभी राहून म्हणाली, त्याला मारू नका, कावळा हाकला, मग बोलते. संयोगिता ऐकत होती आणि ऐकत नव्हती. मधेच कुणी बोललं की वाया. मी लावीन, आई. तो दिवा विझलेलाच बरा. सहा महिने रोज दुपारी आई तिचं काम बिनचूक करत होती, आणि सहा महिने रोज दुपारी लेक मधेच बोलत होती.

"चा घ्या," नानासो म्हणाले. "रडू नगा बाई. हळदीच्या दुकानात हुंदकं दिलं की शिंका येत्यात."

घरी आल्यावर तिनं देवघरातली घंटा काढली आणि चिंचेनं घासली. रात्रभर ती उशाशीच होती. दुसऱ्या दिवशी दोनपासूनच तिनं तयारी केली. दारावरच्या बेलची पिन काढली, फोन बंद केला, फ्रिजही बंद केला, आणि रंगुबाईला स्वयंपाकघरात पाटावर बसवून तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. अडीचला साळूबाई उठून बसल्या. नेहमीपेक्षा वेळ लागला. दोन दिवसांपासून त्यांनी पेज सोडली तर काही घेतलं नव्हतं.

"पंखा बंद कर."

तिनं केला.

"कावळा हाकला, मग बोलते."

ती गॅलरीत जाऊन आली. घंटेचा लोळा चिमटीत धरून, श्वास रोखून दाराशी उभी राहिली.

"आपली आज्ञा असेल तर मी निघते, महाराज," साळूबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण स्वच्छ होता. "पण माझ्यामागे..."

गॅलरीच्या कठड्यावर कावळा ओरडला.

साळूबाई थांबल्या. ह्या वेळी "पुन्ना" म्हणाल्या नाहीत. "गेलं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, अगदी समजुतीच्या सुरात, जणू चूक कुणाचीच नाही, "कावळा हाकला, मग बोलते."

संयोगिता धावली. खालच्या गुलमोहरात त्याचं घरटं होतं, दिवस पिलांचे होते; तो हटेना. ती "हाट्" म्हणायची, तो उडून टाकीवर जायचा आणि परत कठड्यावर यायचा. तिनं टॉवेल फिरवला. चप्पल दाखवली. चौसष्ट वर्षांची बाई भर उन्हात कठड्याशी उड्या मारतेय, समोरच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायका बघत होत्या. दोन मिनिटं गेली असतील, फार तर तीन. तो एकदाचा गेला तेव्हा ती आत आली. साळूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या.

ती तशीच उभी राहिली, घंटा धरून. चार वाजले, पाच वाजले. स्वयंपाकघरातून रंगुबाईनं हळूच विचारलं, "बोलू का आता?"

दुसऱ्या दिवशी अडीचला संयोगिता तयार होती. तिसऱ्या दिवशीही. साळूबाई डोळे उघडायच्या, छताकडे बघायच्या, मिटायच्या. पंखा बंद कर म्हणाल्या नाहीत. एकदा, राहवेना म्हणून, तिनं त्यांच्या कानाशी घंटा वाजवली. एकच. साळूबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तो भाव तिनं ओळखला. अजून बोललेच नाही, आणि घंटा कशाची? काम न करता मिळालेली शाबासकी आईनं आयुष्यात कधी ठेवून घेतली नव्हती.

त्या कावळ्याच्या दुपारपासून नवव्या दिवशी सकाळी, स्पंजिंग करता करता, रंगुबाईचा हात थांबला.

साळूबाईंच्या दहाव्याला सगळे माहुलीच्या घाटावर जमले. आप्पासोनं केस उतरवले होते. त्यामुळे तो एकदम आईसारखा दिसायला लागला होता. पिंड ठेवले, पळसाच्या पानावर भात, शेजारी साळूबाईंना आवडायची ती कांदाभजी. पिंपळावर वीस-पंचवीस कावळे बसले होते. एकही खाली येईना.

मग सुरू झालं नेहमीचं. शेताची वाटणी नीट करू. संयोगीला अंतर देणार नाही. सांगलीच्या खोल्या विकणार नाही. रंगुबाई म्हणाली, "आवं आजी, या की आता, भजी गार झाली." अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ऊन चढलं. भटजींनी घड्याळ बघितलं. संयोगिताचा ह्यावर विश्वास नव्हता. कावळा हा पक्षी आहे आणि त्याला भूक नसेल, एवढंच ती मनाशी म्हणत होती. तरी तिच्या पिशवीत ती घंटा होती. का आणली, ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटी आप्पासो पुढं झाला. पिंडासमोर सावधान उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून.

"आई," तो म्हणाला.  "तुझं ते नाव आम्ही घरात घेतलं नाही. चुकलं आमचं. अरुणप्रभा." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "अरुणप्रभा."

 नदीचं पाणी पायरीला लागल्याचा आवाज येत होता, तेवढाच. पिंपळावरून एक कावळा सुटला. भिंतीवर बसला. भिंतीवरून खाली उतरला, दोन उड्या मारून पानापाशी आला. मान वाकडी करून त्यानं भाताकडे पाहिलं. कुणी हललं नाही. संयोगितानं श्वास रोखून धरला होता, सवयीनं. पापणीसुद्धा हलत नव्हती.

कावळ्यानं चोच उघडली आणि तो ओरडला. एकदाच.

"हाट्!"

तिचा हात वर गेलेला होता. आवाज आपला आहे हे तिला कावळा उडाल्यावर कळलं. तो पिंपळावरही थांबला नाही, थेट नदीपार गेला, आणि त्याच्यामागे झाडावरचे सगळे.

आप्पासो वळला.  त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वर राहिलेल्या हाताकडे. रंगुबाईनं येऊन तो हात धरला आणि खाली केला. "असू द्या," ती म्हणाली. "रोजचीच खोड ती."

भटजींनी कुणाला न विचारता दर्भाच्या दोन काड्या घेतल्या, गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला लावला. तो काही ओरडला नाही. मंडळी उठली.

घाटाच्या पायऱ्या चढताना पिशवीतली घंटा वाजायला लागली. संयोगितानं पिशवी छातीशी धरली, पण लोळा आत कुठं आहे ते हाताला लागेना, आणि पाऊल टाकावं तशी ती वाजत राहिली. ना जमल्याची एक, ना पुन्नाच्या दोन.